कॅमेऱ्यावरची विभूती

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं यावं. गोष्ट ब्याडगीची आहे. लांबून ऐकाल तर नुसता ठसका लागेल, जवळ बसाल तर चव कळेल. मेणसिनकाई घराण्याच्या मिरचीच्या पेढीवरची, महानवमीच्या दिवसाची ही हकिगत. त्या दिवशी तिथं आग न लागता धूर दिसला, चोर न शिरता चोर सापडले, आणि सगळं घडलं ते थोरल्या सुनेच्या चिमूटभर विभूतीनं. शिवाचं नाव घ्या आणि ऐका.

नीलव्वानं ती चिमूट उचलली तेव्हा तिच्या मनात भक्तीच होती. निदान सुरुवातीला तरी.

खंडेपूजेचा दिवस. वर्षभर जे जे हत्यार राबतं त्याला आज न्हाऊ घालायचं, विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि उद्या दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून होईपर्यंत त्याला विसावा द्यायचा. पुजलेल्या वस्तूला तोवर बोट लावायचं नाही. पूजेचा मान थोरल्या सुनेचा. उजाडताच नीलव्वा वाटी घेऊन पेढीवर आली. तिनं मोठा काटा पुजला, पोती शिवायचे दाभण पुजले, हमालांचे आकडे पुजले, टेम्पोपुढं नारळ ठेवला. आत जाऊन टीव्हीलाही तीन पट्टे ओढले. बाहेर आली आणि तिची नजर वर गेली. पत्र्याखाली कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे.

"श्रावणापासून हेही राबतंयच की," ती स्वतःशी म्हणाली. "यांनी काय पाप केलंय?"

साठीला टेकलेली बाई पदर खोचून शिडीवर चढली. पहिल्या कॅमेऱ्याला विभूती लावली ती भक्तीनं. दुसऱ्याला लावताना तिच्या ध्यानात आलं की काच पार झाकली जातेय. तिसऱ्यापासून पुढं मात्र तिनं बोटं जरा जाडच भरून घेतली. "शिवा, तुला सगळं दिसतं," ती म्हणाली, "यांना एक दिवस नाही दिसलं तर चालेल."

कॅमेरे आणले होते संगमेशनं, तिच्या धाकट्या दिराच्या, कल्लप्पाच्या मुलानं. बेंगळुरूची नोकरी सोडून तो घरचा धंदा बघायला परतला होता. त्याचं यंत्र नुसतं बघत नसे, चेहरे वाचत असे. कोण किती वेळ बसली, कितीदा उठली, कोण खूश, कोण दुःखी, सगळं त्याच्या फोनवर सांगे. आता देठ खुडणाऱ्या बायका त्या. तोंडाला फडकं, उघडे फक्त डोळे, आणि डोळ्यांतून दिवसभर पाणी. पहिल्याच आठवड्यात यंत्रानं कळवलं की पेढीवरचा प्रत्येक कामगार घोर दुःखात आहे. पोराची झोप उडाली. दुःखी माणसाच्या हातून काम होत नाही, असं तो शिकून आला होता. त्यानं फर्मान काढलं: सकाळी आत शिरताना प्रत्येकीनं फडकं खाली करून कॅमेऱ्याकडं बघून हसायचं.

फडकं खाली केलं की मिरची नाकात. शिंक यायच्या आधी माणसाचे गाल वर जातात, तोंड वासतं, डोळे मिटतात. यंत्राला तो अत्यानंद वाटे. तेव्हापासून रोज सकाळी दारात रांगेनं शिंका झडत आणि संगमेशचा फोन हिरवागार होई. बसम्माला कायमची सर्दी. ती पेढीवरची सर्वांत सुखी बाई ठरली आणि तिला प्रेशर कुकर बक्षीस मिळाला.

हसण्यावारी जाणारी गोष्ट एवढीच असती तर नीलव्वानं शिडी लावली नसती. पण यंत्राच्या लेखी एकच बाई लालभडक होती: फकीरव्वा. ती जागेवरून सारखी उठे, मागच्या भिंतीपाशी जाई, भिंतीकडं तोंड करून काहीतरी बोले, क्षणभर थांबे आणि परत येऊन बसे. भिंतीपलीकडं तिचंच घर. घरात नवरा हणमप्पा, याच पेढीवर पोती वाहिलेला हमाल, लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. ती इकडून "अहो!" म्हणे, तो धडधाकट उरलेल्या डाव्या हातानं ताटलीवर चमचा वाजवी. टणण् वाजलं की जीव आहे. मग ती पुन्हा मिरचीत हात घाली. तिच्या हातांखेरीज त्या घरात मिळवतं कुणी नव्हतं.

नीलव्वानं संगमेशला हे सांगून पाहिलं होतं; थोरली काकू म्हणून तो तिला दोड्डव्वा म्हणे. तो म्हणाला होता, "दोड्डव्वा, कामाच्या वेळेत? आणि माझ्या यंत्रात आवाज येत नाही. मला फक्त एक बाई भिंतीशी बोलताना दिसते. अशा बाईला ठेवलं तर बाकीच्या उद्या खांबाशी बोलतील."

दसरा झाला की फकीरव्वाला काढायचं, असं ठरलं होतं. कल्लप्पानं मान डोलावली होती. राहिला होता फक्त शब्द. या पेढीची रीत अशी, की माणूस ठेवायचा किंवा काढायचा शब्द गादीवरूनच निघावा लागतो, आणि गादीवर बसे नीलव्वाचा नवरा, गुरुशांतप्पा. त्याच्यापुढं विषय काढला की तो डोळे मिटून कीर्तनातलं पद गुणगुणायला लागे. महिनाभर त्यानं असं गुणगुणून निभावलं होतं. आज दुपारी, सगळं घर जमलं की त्याच्याकडून तो शब्द काढून घ्यायचा, असा बेत होता. नीलव्वाला तो ठाऊक होता. मठातल्या कीर्तनाला ती आणि फकीरव्वा शेजारी बसत आल्या होत्या. बुवांनी भक्ताची परीक्षा मांडली की रडायची एक, नाक पुसायला पदर द्यायची दुसरी.

तर पूजा झाली, नीलव्वा शिडीवरून उतरली, आणि रस्त्यावरून आरोळी आली.

"आग! आग लागली!"

पुढं संगमेश. कमरेला ओला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस, एका हातात बादली, दुसऱ्यात फोन. न्हाता न्हाता त्यानं फोन बघितला होता; सगळ्या चौकटींत पांढरा धूर आणि धुरात मधोमध लाल ठिणगी! त्याच्यामागं गल्लीतले लोक कळशा घेऊन, त्यांच्यामागं कल्लप्पा लुंगी सावरत.

"पाणी टाकू नका रे!" कल्लप्पा ओरडत होता. "माल भिजेल! जळला तर विमा आहे, भिजला तर काय आहे?"

सगळे आत येऊन थबकले. कुठं धूर नाही, जाळ नाही. मिरचीचे लाल ढीग, त्यांवर झेंडूची फुलं, आणि शिडीखाली वाटी घेऊन उभी नीलव्वा. संगमेशनं वर बघितलं. एकेक कॅमेरा कपाळभर विभूती आणि मधोमध कुंकू लावून, गळ्यात माळ घालून ध्यानस्थ.

"हे... हे कुणी केलं?"

"मी," नीलव्वा म्हणाली. "आधी डोळ्यांतला साबण धू, बाळा."

शेजारी हसत कळशा घेऊन परतले. संगमेशनं शिडीला हात घातला.

"थांब!" नीलव्वाचा आवाज चढला तसा तो पायरीवरच थांबला. "पुजलंय ते. बन्नीपर्यंत हात लागायचा नाही."

"दोड्डव्वा, काच आहे ती! नुसती पुसतो."

"मग काटाही नुसतं लोखंड आहे. पूस त्याचं कुंकू. पूस, बघू."

संगमेशनं बापाकडं बघितलं. कल्लप्पा धंद्याचा माणूस, पण ज्या काट्यावर त्याचा बाप आणि आजा जगले त्याचं कुंकू पुसायची गोष्ट ऐकून त्याचाही हात नकळत कपाळाला गेला. "वैनी म्हणतात ते... म्हणजे शास्त्र आहे ते," तो म्हणाला. "एका दिवसाचं काय घेऊन बसलास?"

"पण एक दिवस कुणाचं लक्षच नाही!"

"आज सुट्टी आहे रे मूर्खा. लक्ष कुणावर ठेवणार, मिरचीवर?"

दुपारी पुरणाची होळगी आणि तूप झाल्यावर सगळे पेढीवर जमले. गादीवर गुरुशांतप्पा, खाली सतरंजीवर बाकीचे. संगमेशची आई सुमंगला पोराची बाजू घेऊन आली होती. "अक्का, राग मानू नका," ती नीलव्वाला म्हणाली, "पण पोरानं एवढं शिकून काही आणलं, त्याला तुम्ही राख फासली."

"राख नव्हे, विभूती."

"तेच ते."

"तेच ते नाही, सुमंगला. राख चुलीतली."

संगमेश उठला. "जुनं चित्रण तर आहे ना? तेच दाखवतो. मग गादीवरच्या दोड्डप्पांनीच ठरवावं."

"टीव्ही पुजलाय," नीलव्वा म्हणाली.

"रिमोट पुजलाय का?"

रिमोट राहून गेला होता. नीलव्वानं ओठ आवळले. टीव्ही लागला. पण काचेवर तीन पट्टे होतेच. त्यामुळं पडद्यावर जो येई तो कपाळाला विभूती लावल्यासारखा दिसे. बायका, हमाल, कुत्रं, सगळे शिवभक्त.

सुरुवातीलाच यंत्रानं किंचाळी फोडली. पडद्यावर लाल अक्षरं: अनोळखी इसम. एक जाडा माणूस पोत्यांच्या आडोशाला कागदातून काहीतरी काढून तोंडात कोंबत होता.

"हा कोण चोर?" गुरुशांतप्पानं डोळे उघडून विचारलं.

सगळे पडद्याकडं सरकले. चोरानं बोटं चाटली आणि तोंड वळवलं. कल्लप्पा.

"मिरची भजी!" सुमंगला किंचाळली. "डॉक्टरांनी बजावलंय! घरी माझ्या हातची कडू मेथी खाताय आणि इथं... किती खाताय! अजून खाताय!"

"ते जुनं आहे," कल्लप्पा म्हणाला.

"अप्पा, तुमची नोंद यंत्रात नव्हती," संगमेश घाईघाईनं म्हणाला. "मालकांची नोंद कशाला म्हणून..."

पुन्हा किंचाळी. अनोळखी इसम. या वेळी इसम बाई होती. उत्तम, लांब, सुरकुतलेली मिरची निवडून निवडून पिशवीत भरत होती, आणि पिशवीवर गदगच्या साडीच्या दुकानाचं नाव ठळक दिसत होतं.

"बहिणीला पाठवतेस होय!" आता कल्लप्पाची पाळी. "आणि मी हमालांवर डाफरतो!"

सुमंगलेचं तोंड मिरचीसारखं झालं. ती सतरंजीवरून सरकली ती थेट नीलव्वाजवळ येऊन बसली. "अक्का," ती हळूच म्हणाली, "विभूतीच बरी होती."

"पुढं घे, पुढं घे," कल्लप्पानं पोराला फर्मावलं. पुढं गादी आली. गादीवर गुरुशांतप्पा डोळे मिटून बसलेला. इतका निश्चल, की यंत्रानं त्याच्याभोवती चौकट आखून लिहिलं होतं: सामान.

"सामान?" गुरुशांतप्पा म्हणाला.

"दोड्डप्पा, ते हालचाल बघून ठरवतं..."

"पंचवीस वर्षं लोक मनात म्हणायचे. आज लिहून आलं." तो रागावला नव्हता. उलट त्याला हसू येत होतं, आणि नवऱ्याच्या खांद्यांची थरथर बघून नीलव्वालाही हसू आवरेना. तेवढ्यात संगमेशनं त्याला हवं होतं ते चित्रण काढलंच.

"हसा. पण आता हे बघा."

भिंत. भिंतीपुढं फकीरव्वा. ओठ हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. परत जागेवर. पुन्हा भिंत. पुन्हा. संगमेशनं चित्र पळवलं तशी ती बिचारी भिंत आणि पोतं यांच्यामध्ये मुंगीसारखी धावायला लागली. आता कुणी हसलं नाही. आवाज नसलेल्या त्या चित्रात ती खरोखरच वेडी दिसत होती.

"दोड्डप्पा," संगमेश हळू म्हणाला, "मला तिचं वाईट नाही करायचं. पण एकीला सूट दिली तर शिस्त कशी राहील? शब्द तुम्ही द्यायचा आहे."

"संगू, मजुरी किलोवर ना?" नीलव्वानं विचारलं. "काट्यावर तिचं कमी भरतं का?"

"काट्याचा प्रश्न नाही, दोड्डव्वा."

"मग कशाचा आहे?"

संगमेशनं गादीकडं बघितलं, आणि गुरुशांतप्पाला पद सुचलं. त्यानं डोळे मिटले. तो पहिली ओळ गुणगुणणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"धनी, आत येऊ का?"

सणाचं लुगडं आणि होळगी न्यायला बायका आल्या होत्या. पुढं फकीरव्वाच. पडद्यावरही तीच. तिनं एकदा स्वतःला धावताना बघितलं, कपाळावरचे पट्टे बघितले.

"यव्वा! ही मी? विभूती मला शोभते हो." मग सगळ्यांची तोंडं बघून तिला कळायचं ते कळलं. हसू विरलं. "मला काढताय का, धनी?"

गुरुशांतप्पानं डोळे उघडले. पद राहून गेलं.

"भिंतीशी बोलतेस म्हणे," कल्लप्पा जमिनीकडं बघत म्हणाला.

"भिंतीशी? भिंत काय उत्तर देते का? माझा माणूस देतो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय की! इतकी वर्षं ताटली वाजते."

"ती ताटली?" संगमेश म्हणाला. "मला वाटायचं शाळेची घंटा."

"मार हाक," नीलव्वा उठून उभी राहिली. "चल, सगळ्यांदेखत मार. याच्या यंत्राला कान नाहीत, याला तर आहेत."

सगळी पेढी उठून मागच्या भिंतीशी गेली. फकीरव्वानं पदर सारखा केला, जणू पाहुण्यांपुढं गायचं आहे, आणि हाक दिली. "अहो!"

काही नाही.

"झोपला असेल," ती म्हणाली. "अहो! ऐकलंत का!"

पलीकडं कोंबडी ओरडली. बस्स. फकीरव्वानं दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. "हणमप्पा!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. ताटली वाजली नाही. इतकी वर्षं तो आवाज या अंगणात पडत होता आणि कुणाच्या कानांना त्याची जाणीव नव्हती. आता तो नव्हता, तर अंगणात दुसरं काही ऐकूच येईना. ती बोळाकडं वळली ती अडखळली. बसम्मानं तिला धरलं.

कुणी काही बोलायच्या आत संगमेश भिंतीवर होता. पोत्यांच्या थप्पीवरून चढला आणि पलीकडं उडी टाकली. बाकीचे बोळातून धावले. नीलव्वाच्या हाती फकीरव्वाचं मनगट होतं. धावता धावता तिच्या तोंडी शिवाचं नाव होतं, आणि मनात एकच: मी डोळे झाकले, शिवा, तू कान झाकू नकोस.

दार उघडंच होतं. आत अंथरुणावर हणमप्पा, आणि त्याच्या छातीवर कान दाबून संगमेश.

"धाकटे धनी," हणमप्पा वाकड्या तोंडानं, जड जिभेनं म्हणत होता, "मघापासून सांगतोय, जिवंत आहे. ऐकेचनात."

"हलू नका!" संगमेश म्हणाला. "ठोके मोजतोय."

फकीरव्वा उंबऱ्यावरच फतकल मारून बसली. "मेल्या! ताटली का नाही वाजवलीस?"

हणमप्पानं डाव्या हातानं कोनाड्याकडं दाखवलं. कोनाड्यात ताटली उभी. घासून लख्ख, तीन पट्टे, मधोमध कुंकू, काठाला झेंडूचं फूल. पुढं चमचा, त्यालाही कुंकू.

"सकाळी तूच पुजलीस," तो म्हणाला. "बन्नीपर्यंत हात लावायचा नाही म्हणालीस. तीन हाका ऐकल्या. ओरडलोही. पण आवाज कुठं पोचतोय माझा? मग म्हटलं, आता देवाचं नाव घेत पडावं. पुजलेली वस्तू कशी वाजवू?"

सुट्टीचा दिवस, दिवसभर घरातच असणार, म्हणून फकीरव्वानं भक्तीनं ती पुजली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. यंत्रानं तिच्या तोंडाला काय नाव दिलं असतं कोण जाणे.

संगमेशचे डोळे लाल झाले होते. मिरची इथं नव्हती. "काका," तो म्हणाला, "मी इथं एक कॅमेरा लावून देतो. फुकट. फोनही देतो. फकीरव्वाला जागेवर बसल्या बसल्या तुम्ही दिसाल. उठायलाच नको, हाक मारायला नको."

सगळ्यांनी हणमप्पाकडं बघितलं. पोराच्या बोलण्यात आता खोट नव्हती, हे त्यालाही कळत होतं. त्यानं कोनाड्यातल्या ताटलीकडं बघितलं.

"आणि मी काय करू, धनी?"

"तुम्ही? काहीच करायला नको."

"तेच ना," हणमप्पा म्हणाला. "पोती गेली. चालणं गेलं. दिवसभरात तेवढंच एक काम उरलंय माझ्याकडं. ती हाक मारते, मी वाजवतो. तेही यंत्राला देऊ?"

 दारात गुरुशांतप्पा उभा होता. जाड माणूस, एवढं चालून धापा टाकत होता. पेढीची गादी तर पलीकडं राहिली होती, पण शब्द त्यानं तिथंच, त्या उंबऱ्यावरून दिला.

"फकीरव्वा कुठं जात नाही. संगू, दारावरचा कॅमेरा राहू दे, तो मालाकडं बघतो. बायकांच्या डोक्यावरचे काढ. त्यांचं काम तोलायला काटा आहे."

"उद्या काढतो," संगमेश म्हणाला. "बन्नी झाल्यावर."

"पोत्यांच्या आडोशाकडं तोंड असलेला आधी काढ," कल्लप्पा म्हणाला, आणि सुमंगलेनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याच्यावर नजर ठेवायला कॅमेऱ्याची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नीची पानं घेऊन संगमेश सगळ्यांत आधी बोळातल्या घरी गेला. "बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू या," म्हणत फकीरव्वाच्या पायाशी वाकला. मग ओल्या फडक्यानं त्यानं ताटलीचं कुंकू पुसलं आणि ती हणमप्पाच्या डाव्या हाताशी ठेवली. नीलव्वा तेव्हा पेढीवर होती. शिडी लावून ठेवलेली, वर कॅमेरे उतरायची वाट बघत, कपाळावर सुकलेली विभूती तशीच. भिंतीपलीकडून टणण् झालं. हाक न मारता झालं. गादीवरच्या गुरुशांतप्पानं डोळे उघडले, ऐकलं, आणि पुन्हा मिटले.

तर मंडळी, उद्या तुमच्या घरी जेवताना कुणाच्या हातून चमचा ताटलीवर वाजला, तर चटकन दटावू नका. घासभर थांबा, आणि ब्याडगीच्या त्या बोळातल्या हणमप्पाची आठवण ठेवा.